मायोफेशियल रिलीज घरच्या घरी: धावणारे, फुटबॉलवाले आणि घोड्यावर बसणारे यांच्यासाठी

अंग दुखलं की आपल्याकडे दोनच उपाय, खोबरेल तेल कोमट करून कुणाकडून तरी रगडून घ्यायचं नाहीतर बाम चोळून झोपायचं. त्यात आता तिसरा आलाय तो फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन फिरवायचा फोमचा जाड गोल दांडा. २०१९ ला मिरामारला आयर्नमॅन सेव्हंटी पॉइंट थ्री सुरू झाली, म्हणजे १.९ किमी पोहणं मग ९० किमी सायकल मग २१.१ किमी धावणं, तेव्हापासून तर पणजी-दोनापावला भागात सकाळी ज्याच्या त्याच्या गाडीत रोलर दिसतो. आणि जो तो दात-ओठ खाऊन तो भराभर पुढे-मागे फिरवतो, दोन मिनिटं झाली की चला नाश्त्याला. असं करून काही बिघडत नाही पण फारसं काही मिळतही नाही.

मी फिजिओ आहे, फोंड्याच्या बाजूला काम करतो, माझ्याकडे जास्त करून फुटबॉलवाले आणि हाफ मॅरेथॉनवाले येतात, घोड्यावर बसणारे थोडे पण त्यांची दुखणी वेगळी असतात आणि त्यांच्यासाठी मराठीत कुणी काही लिहीत नाही म्हणून त्यांचं जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं थोडक्यात असं की जोर कमी लावायचा, वेळ जास्त द्यायचा, आणि जो भाग मोकळा झाला तो लगेच हलवून वापरायचा. यातलं तिसरं लोक हमखास विसरतात.

आधी हे नक्की काय आहे ते बघू

फणस फोडलाय ना कधी, गरे काढताना मधे ते फिकट चिवट पट्टे लागतात, गऱ्यांना वेगवेगळं पण ठेवतात आणि एकत्र बांधून पण ठेवतात. शरीरात स्नायूंच्या भोवती, मधून आणि आतूनसुद्धा तसाच पातळ चिवट थर पसरलेला असतो त्याला फेशिया म्हणतात. मुख्यतः कोलॅजनचा बनलेला. त्याच्या थरांच्या मधे हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. बरेच दिवस हालचाल नाही झाली, किंवा एकाच प्रकारची हालचाल हजारो वेळा झाली, तर हा पदार्थ घट्ट होतो, सरकणं कमी होतं आणि आपल्याला तिथे ओढ, ताठरपणा जाणवतो. ऊब, हळू दाब आणि हालचाल मिळाली की परत बरा सरकतो. हे जे करायचं त्यालाच मायोफेशियल रिलीज म्हणतात.

कमरेवर हा फेशिया चांगला जाड आणि पसरट असतो, त्याचं नाव थोराकोलंबर फेशिया. वरून पाठीचा लॅटिसिमस स्नायू आणि खालून विरुद्ध बाजूच्या कुल्ल्याचा मोठा स्नायू, दोघेही येऊन त्याला मिळतात. म्हणजे उजवा खांदा आणि डावा कुल्ला यांचा तिथे थेट संबंध येतो. म्हणून कधी कधी कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाचा मी खांदा बघतो आणि तो मला वेड्यात काढतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो कारण इन्स्टावर याच्या नावाने वाट्टेल ते चालतं. रोलरने फेशियाच्या 'गाठी फुटतात', 'चिकटलेलं सुटतं', 'टॉक्सिन बाहेर पडतात' हे सोडून द्या. २००८ साली एक गणिती अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की मांडीच्या बाहेरचा जाड फेशिया आणि तळव्याचा फेशिया नुसता एक टक्का दबायला किंवा सरकायला सुद्धा माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल. मग बरं का वाटतं? तर मुख्य काम नसांचं, म्हणजे दाबाचे सिग्नल मेंदूकडे जातात, मेंदू त्या भागाचा आवळ सैल करतो, दुखणं थोडं कमी कळतं, थर जरा बरे सरकतात, आणि सांधा थोडा जास्त वाकतो. हा फरक खरा आहे पण तात्पुरता आहे, थोडाच वेळ टिकतो. म्हणूनच त्या वेळात काय हालचाल करता त्याला किंमत आहे, नाहीतर संध्याकाळी परत जैसे थे.

हा विषय काल-परवाचाही नाही. अमेरिकेत आयडा रॉल्फ नावाच्या बायोकेमिस्ट बाईंनी विसाव्या शतकाच्या मध्यात हाताने फेशियावर काम करायची पद्धत बसवली, आणि केनेडींच्या व्हाइट हाउस डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी ट्रिगर पॉइंटवर, म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठीसारख्या जागांवर, आयुष्य घालवलं, कुठला स्नायू दुखला की दुखणं कुठे लांब जाऊन जाणवतं याचे नकाशे त्यांचेच. फेशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद मात्र २००७ ला भरली, बोस्टनला. म्हणजे हात आधी आले आणि शास्त्र मागून येतंय, अजून येतंच आहे.

कुणी करू नये

हे मी शेवटी टाकत नाही कारण शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, त्यात तुम्ही नुकतेच गल्फहून विमानाने आलात किंवा बरेच दिवस झोपून होतात, तर त्या पोटरीला रोलर लावायचा नाही, सरळ डॉक्टर गाठायचा, ती शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, फ्रॅक्चर किंवा ताजा मुरगळा असेल, फुगलेल्या व्हेरिकोज शिरा, उघडी जखम, कातडीचं इन्फेक्शन, कॅन्सरचे उपचार, गरोदरपण, यात स्वतःच्या मनाने नाही. डायबेटिसमुळे पायाला संवेदना कमी असेल तर तळव्याखाली बॉल घेताना जपून, कारण किती दाबतोय ते कळणारच नाही.

मानेचा पुढचा भाग, गुडघ्याची मागची खोलगट बाजू, काख, जांघेतली नाडी लागते ती जागा आणि मणक्याचं हाड, इथे दाब द्यायचा नाही. पोटात बोटं खुपसून सोआस (कमरेच्या मणक्यापासून मांडीपर्यंत जाणारा आतला स्नायू) शोधायचे व्हिडिओ फिरतात ते तर अजिबात करू नका, आत मोठ्या रक्तवाहिन्या आणि आतडी आहेत.

लागतं काय

फार काही नाही. दोन टेनिस बॉल, एक जरा कडक बॉल (लेदर बॉल चालतो, पण आधी टेनिस बॉलवर आठवडा काढा), एक जुना लांब मोजा, आणि मध्यम नरम रोलर. काटेरी उंचवट्यांचा रोलर सुरुवातीला नको, त्याने माणूस घाबरून स्नायू आवळून धरतो आणि सगळं उलटं होतं. रोलर घ्यायचा नसेल तर पोटरीला घरातलं लाटणं चालतं, फक्त परत स्वयंपाकघरात नेऊ नका, आईचा ओरडा खाल.

तेल लावायचं नाही. इथेच लोक गोंधळतात, मसाज म्हणजे तेल हे डोक्यात बसलेलं. मालिशला हात घसरायला हवा असतो, इथे हात घसरायला नको, कातडी पकडून खालचा थर हळूहळू ओढला गेला पाहिजे. गोव्यात मे महिन्यात घामानेच हात घसरतो म्हणून अंग पुसून, पंख्याखाली किंवा अंघोळीनंतर करा, अंग गरम असताना जास्त चांगलं.

मूळ पद्धत

आधी मोजमाप घ्या, नाहीतर फरक पडला की नाही कळत नाही आणि मग माणूस नुसत्या समाधानावर करत राहतो. सोपी टेस्ट म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा आणि पाय हळूहळू मागे सरकवत न्यायचा, टाच उचलायच्या आधी अंगठा भिंतीपासून किती बोटं लांब गेला ते बघायचं. दोन्ही पायांत फरक दिसला तर ज्याची बोटं कमी भरली त्याच्यावर काम. तसंच कमरेसाठी पाय सरळ ठेवून खाली वाकून बोटं कुठपर्यंत जातात ते.

मग बॉल किंवा रोलर त्या भागाखाली घ्या आणि हळूहळू वजन सोडा. जिथे दुखरी जागा लागेल तिथे थांबा. शून्य ते दहामधे दुखणं पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका, श्वास अडकला किंवा जबडा आवळला तर समजायचं जास्त झालं, वजन कमी करा. आता काही करू नका, नुसतं थांबा. नाकाने श्वास आत, तोंडाने लांब बाहेर. पहिली तीस-चाळीस सेकंद काहीच होत नाही आणि इथेच लोक कंटाळून पुढे सरकतात. साधारण दीड-दोन मिनिटांत दुखणं पाचाचं तीनवर येतं आणि बॉल जरा आत गेल्यासारखा वाटतो. तेव्हा तो सांधा हळू हलवा, पाच-सहा वेळा, म्हणजे पोटरीवर असाल तर पाऊल वर-खाली, मांडीवर असाल तर गुडघा वाकवणं-सरळ करणं. मग बाजूच्या जागेवर. दोन मिनिटं झाली आणि काहीच फरक नाही तर ती जागा त्या दिवशी सोडून द्या, हट्ट नको.

घरातलं कुणी मदतीला असेल तर हाताने करायची एक छान पद्धत आहे. मांडीच्या पुढच्या भागावर दोन्ही तळहात फुलीसारखे आडवे ठेवायचे, एक गुडघ्याकडे तोंड करून एक कमरेकडे, आधी नुसतं वजन खाली सोडायचं, मग दोन्ही हात एकमेकांपासून लांब ढकलायचे पण कातडीवरून घसरू द्यायचे नाहीत, आणि तसंच धरून ठेवायचं तीन ते पाच मिनिटं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काही चाललेलंच नाही. ज्याच्यावर चाललंय त्याला मात्र ओढ कमरेपर्यंत जाणवते. कमरेवर पण असंच करता येतं, हात मणक्याच्या एका बाजूला ठेवून.

शेवटी परत मोजमाप, आणि त्यानंतर लगेच त्या भागाचा व्यायाम. घोटा मोकळा केला तर स्क्वॉट आणि टाच वर-खाली, कुल्ला मोकळा केला तर ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), पाठ मोकळी केली तर हात डोक्यावर नेणं. दहा-बारा वेळा बास.

धावणारे आणि फुटबॉलवाले

तळवा. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाचेत टोचतात त्यांनी बसून तळव्याखाली टेनिस बॉल घ्या, टाचेच्या दुखऱ्या बिंदूवर नाही तर त्याच्या पुढे कमानीत, दोन मिनिटं. फ्रीजरमधे गोठवलेली पाण्याची बाटली घेतलीत तर थंडावा पण मिळतो. पण खरा इलाज पोटरीत आणि टाच वर-खाली करण्याच्या व्यायामात आहे, बॉल नुसता दिवस सुरू करून देतो.

पोटरी. समुद्रकिनारी अनवाणी धावणाऱ्यांची हीच पहिली बोंब. मऊ वाळूत टाच खाली रुतते आणि पोटरी आणि टाचेमागचा जाड दोर, अकिलिस, दोघांना जास्त ताणावं लागतं. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे पाण्याकडचा पाय कायम खालच्या बाजूला पडतो आणि कंबर एका बाजूला कलते. मिरामार ते करंझाळे जाऊन परत त्याच ओळीने आलात तर निदान दोन्ही पायांना सारखं पडतं, पण एकाच दिशेने धावून पुढे रिक्षा करणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा एकच खुबा दुखतो आणि ते म्हणतात बूट बदलू का. रोलर पोटरीखाली, दुसरा पाय वर टाकून वजन, दुखरी जागा सापडली की थांबायचं आणि पाऊल गोल फिरवायचं.

मांडीची बाहेरची बाजू, म्हणजे आयटी बँड. यावरून रोलर फिरवताना लोकांच्या डोळ्यात पाणी येतं आणि त्यांना वाटतं काहीतरी मोठं काम होतंय. तो बँड लांब होत नाही, तो जाड पट्टा आहे आणि मांडीच्या हाडाला आतून धरलेला असतो. त्याला ताणणारे स्नायू वर आहेत, एक खिशात हात घालतो तिथे पुढच्या बाजूला, टीएफएल, आणि दुसरा कुल्ल्याचा मोठा. त्या दोघांवर बॉल घेऊन भिंतीला टेकून काम करा, बँडला सोडा.

मांडीचा पुढचा आणि मागचा भाग फुटबॉलवाल्यांसाठी. भात कापणी झाल्यावर शेतात जे सामने सुरू होतात तिथली जमीन वरून सपाट दिसते पण आत ढेकळं, त्यात मधेच स्प्रिंट मारली की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धरते. धरली म्हणजे काय ते नीट ओळखा. एकदम 'कट्' झालं, चालताना लंगडावं लागतंय, दुसऱ्या दिवशी निळं-जांभळं झालं, तर तो स्नायू फाटलाय, त्यावर पहिले काही दिवस रोलर, मालिश काहीच नको, फिजिओला दाखवा. नुसता जडपणा असेल, दोन्ही पायांना सारखा, तर तो व्यायामाचा दुखरेपणा आहे, तिथे रोलर चांगला.

मॅचच्या आधी करायचं असेल तर प्रत्येक भागाला तीस सेकंद ते एक मिनिट, थोडं हलतं ठेवून, आणि लगेच वॉर्मअप. लांब थांबून करायचं काम मॅचनंतर संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. अजून एक, हातात बंदुकीसारखं मशीन आलंय ते पण चालतं, सगळ्यात कमी स्पीडवर, मांसल भागावर, पण त्याने काहीतरी जास्त खोल होतं असं मला तरी दिसलेलं नाही.

घोड्यावर बसणारे

२०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समधे आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायचा प्रकार) टीमने गोल्ड आणलं, घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी, तेव्हापासून लोकांना निदान कळलं की हा खेळ आहे आणि घोडा एकटाच सगळं करत नाही. दुडक्या चालीत दर पावलाला स्वाराचं वजन वर-खाली होतं, ते झेलायला खुबे, कंबर आणि पोट सतत काम करतात आणि हात मात्र शांत ठेवायचा असतो. म्हणून यांचं दुखणं धावणाऱ्यांसारखं पायात नाही, ते जांघेत, कमरेत आणि दोन फऱ्यांच्या मधे असतं.

पहिली जागा, मांडीची आतली बाजू. नवा स्वार भीतीने गुडघ्यांनी घोडा आवळतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरतो. पालथं झोपा, एक गुडघा बाजूला वाकवून वर घ्या, रोलर त्या मांडीच्या आतून शरीराला समांतर ठेवा. गुडघ्याच्या थोडं वरून सुरू करायचं आणि जांघेच्या चार बोटं अलीकडे थांबायचं, तिथे नाडी आणि नसा आहेत. दोन मिनिटं थांबा, मग वाकवलेल्या पायाचं पाऊल हळू उचला आणि ठेवा. नंतर उभं राहून पाय रुंद करून एकदा उजवीकडे एकदा डावीकडे वजन घेत बाजूचे स्क्वॉट, दहा-बारा. आवळायची सवय मात्र रोलरने जाणार नाही, ती खोगिरात बसूनच शिकायची.

दुसरी, खुब्याचा पुढचा भाग. इथे गोव्यातली गंमत अशी की रायडिंगला येणारा माणूस आधी स्कूटरवर अर्धा-पाऊण तास बसून येतो, मग खोगिरावर बसतो, मग ऑफिसच्या खुर्चीत, म्हणजे खुबा दिवसभर वाकलेलाच. मग खोगिरावर पाय लांब खाली सुटत नाही, टाच खाली जात नाही, माणूस पुढे झुकतो. पोटात दाबायचं नाही हे वर सांगितलंच, त्याऐवजी टीएफएलवर बॉल, मांडीच्या पुढच्या भागावर रोलर, आणि मग एक गुडघा जमिनीवर टेकून मागच्या पायाचा कुल्ला आवळून पुढे जाणं, तीस सेकंद, दोन-तीनदा. कुल्ला आवळला नाही तर ताण कमरेत जातो आणि काम होत नाही.

तिसरी, कुल्ल्याच्या आतला छोटा स्नायू, पिरिफॉर्मिस. भिंतीला पाठ लावून कुल्ल्याच्या मधोमध बॉल. इथूनच सायाटिक नस जाते त्यामुळे पायात मुंग्या किंवा करंट आला तर लगेच जागा बदला. दुखणं सहन करायची ही जागा नाही.

कंबर. जमिनीवर रोलर ठेवून त्यावर कमरेने आडवं होणं मला आवडत नाही, कंबर उलटी वाकते आणि सगळं वजन मणक्यावर येतं. मोज्यात दोन टेनिस बॉल घाला, मधे गाठ मारा म्हणजे मणक्याला जागा राहते, भिंतीला टेकून मणक्याच्या दोन्ही बाजूंना घ्या आणि गुडघे थोडे वाकवत वर-खाली व्हा. शेवटच्या बरगडीच्या खाली अगदी हलका दाब. वरच्या पाठीला, फऱ्यांच्या मधे, रोलर चालतो, हात छातीवर घेऊन.

छाती आणि हात. लगाम धरून खांदे पुढे येतात. कॉलरबोनच्या खाली बाहेरच्या बाजूला बॉल, भिंतीला टेकून, हात हळू मागे-पुढे. मनगटापासून कोपरापर्यंतचा मांसल भाग टेबलावर बॉल ठेवून त्यावर दाबायचा आणि मूठ उघड-मीट करायची. हे बाइकच्या क्लचवाल्यांना पण लागू.

स्वारांना मी अजून एक बघायला सांगतो तो म्हणजे डावा-उजवा फरक. घोड्यावर चढायचं नेहमी डावीकडून, त्यामुळे डाव्या रिकिबीचा पट्टा हळूहळू ताणून लांब होतो, मग स्वार नकळत एका बाजूला बसतो, एक खुबा घट्ट होतो आणि तो आयुष्यभर त्या खुब्यावर बॉल फिरवत राहतो. दोन्ही पट्टे काढून शेजारी धरून मोजा, अधूनमधून अदलाबदल करा, चढायला उंच दगड किंवा स्टूल घ्या. अर्धी केस तिथेच सुटते.

जाता जाता, सत्तरी-डिचोलीकडे शिगम्यात घोडेमोडणी करणारे जे आहेत, कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून एका हातात तलवार घेऊन ढोल-ताशावर नाचणारे, त्यांचा घोडा लाकडाचा असला तरी कंबर खरीच आहे. सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर आणि पोटऱ्यांवर. वर्षभर काही नाही आणि शिगम्यात एकदम रात्र-रात्र. त्यांना पोटरी, टीएफएल आणि मोज्यातले दोन बॉल हे तिन्ही अगदी लागू, आणि महिनाभर आधीपासून टाच वर-खाली करायला लागा म्हणजे नंतर बॉलची गरजच कमी पडेल.

घोड्याचं काय

विचारतात म्हणून. घोड्याची पाठ दुखत असेल तर आधी जनावरांचा डॉक्टर, मग खोगीर नीट बसतंय का, मग नाल, मग हात. खोगीर टोचत असेल तर मसाजने काही होणार नाही. हे सगळं ठीक असेल तर खरारा करून झाल्यावर पाच-दहा मिनिटं देऊ शकता. मणक्याच्या एका बाजूला, चार बोटं सोडून, मानेच्या मुळापासून पुठ्ठ्याकडे सपाट तळहात नुसता ठेवत जायचं, दाब आपल्या हाताच्या वजनाएवढाच. कुठे कातडी थरथरली, गरम लागली किंवा घट्ट लागली तर तिथे हात ठेवून थांबा. घोड्याने मान खाली सोडली, जिभेने ओठ चाटले, जांभई दिली तर चांगलं. कान मागे चपटे केले, शेपटी झटकली, चावायला तोंड वळवलं तर हात काढा, तो नाही म्हणतोय. तंगाच्या जागेवर, म्हणजे खोगिराचा पट्टा पोटाखाली आवळतात तिथे, बरेच घोडे चिडतात तिथे सुरुवात करू नका. उभं राहायचं खांद्यापाशी बाजूला, मागच्या पायांच्या टप्प्यात नाही, आणि घोडा कुणीतरी ओळखीच्याने धरलेला हवा.

कुणाकडे जायचं असेल तर

बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) झालेला फिजिओ बघा. पहिल्या भेटीत आधी तुम्हाला उभं करून, चालवून, वाकवून बघतो का, काय करणार ते सांगून विचारतो का, आणि शेवटी व्यायाम देतो का, या तीन गोष्टी पाहिल्यात की पुरे. अंगावर काळे-निळे डाग पडणं ही चांगल्या कामाची खूण नाही, 'दुखलं तरच सुटतं' म्हणणाऱ्याकडून उठून यायला संकोच करू नका. किनाऱ्यावर मसाजच्या पाट्या लावलेल्या असतात तिथे आराम मिळेल, मजा येईल, पण हॅमस्ट्रिंगची केस तिथे नेऊ नका. आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, घोड्यावरून पडल्यावर पाठीत किंवा मानेत दुखणं, यातलं काहीही असेल तर बॉल-रोलर बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल, पडलेल्या माणसाची मान हलवू नका, १०८ ला फोन.

किती वेळा करायचं तर आठवड्यातून तीन-चारदा, एका वेळी दोन-तीन जागा, पंधरा मिनिटांच्या वर नाही. सगळं अंग एकदम करायला गेलात तर चौथ्या दिवशी सोडून द्याल. तीन आठवडे नीट केलं आणि मोजमापात बोटभरही फरक नाही तर जागा चुकतेय किंवा कारण दुसरंच आहे, तेव्हा दाखवून घ्या, येताना मोजमापं लिहून आणा. पावसाळ्यात रोलर वापरला की साबणाच्या पाण्याने पुसून उभा सुकवा, नाहीतर आठ दिवसांत बुरशी धरते, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, फोम वाकडा होतो.